कागदाचं चिलखत : शिवजयंतीसाठी वर्गात केलेला एक उपक्रम (इयत्ता चौथी)



शिवजयंती जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला मेसेज जातो. "१९ फेब्रुवारीला सर्व विद्यार्थ्यांनी मावळ्याच्या वेशभूषेत यावे." मीही तो पाठवायचे. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या शिवजयंतीला माझ्या वर्गातली ३४ पैकी ९ मुलं आलीच नाहीत, तेव्हा पहिल्यांदा मी थांबले. कार्यक्रमाच्या दिवशी तर हजेरी जास्त असते, खाऊ असतो, अभ्यास नसतो. मग ही मुलं गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी विचारलं. कोणाचं पोट दुखत होतं, कोण गावाला गेलं होतं. नऊ जणांची नऊ कारणं. संध्याकाळी शहागंजच्या मंडीत भाजी घेताना त्यातल्या एका मुलाची आई भेटली. ती तिथेच कांदे-लसूण विकते. मी विचारल्यावर आधी हसली, मग म्हणाली, "मॅडम, ड्रेसचं भाडं अडीचशे, वरून डिपॉझिट. मला दोन लेकरं हायेत. एकाला आणावा अन् दुसऱ्याला नाही, असं कसं करावं? म्हणून दोघांनाबी घरीच ठेवलं."

त्या मुलाचं पोट दुखत नव्हतं. माझ्या एका ओळीच्या मेसेजने त्याला घरी बसवलं होतं. आणि तेही कोणाच्या जयंतीला!

त्या वर्षी ठरवलं, वेशभूषा बंद करायची नाही, कारण मुलांना ती फार आवडते. पण विकतची किंवा भाड्याची नको. वर्गातच करायची, सगळ्यांनी करायची आणि ती करता करता शिकायचं. त्यातून हा कागदाच्या चिलखताचा उपक्रम तयार झाला. पहिल्या वर्षी तो फसला, दुसऱ्या वर्षी जमला. दोन्ही अनुभव सांगते.

सुरुवात पाठ्यपुस्तकातूनच

चौथीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये प्रतापगडाचा प्रसंग आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराज अफजलखानाच्या भेटीला गेले, तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होतं आणि डोक्याला लोखंडी संरक्षण होतं. खानाने वार केला, पण चिलखतामुळे महाराज बचावले. पाठ शिकवताना आपण वाघनखांवर बराच वेळ घालवतो. मुलांनाही तेच आवडतं. चिलखत मात्र एका वाक्यात संपतं. खरं तर त्या दिवशी आधी उपयोगी पडलं ते चिलखतच.

मी वर्गाला विचारलं, "चिलखत म्हणजे काय?" उत्तरं आली : लोखंडाचा शर्ट, आयर्न मॅनसारखं, पोलिसांचं जॅकेट. तिन्ही उत्तरं तशी बरोबरच. मग फळ्यावर तीन प्रकार लिहिले.

१. कड्यांचं चिलखत : हजारो छोट्या लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून केलेला सदरा. अंगाबरोबर वळतो. तलवारीचा काप अडवतो, पण टोकदार शस्त्राने कडी उघडू शकते. लांब बाह्यांचा असा सदरा साधारण ८ ते १२ किलो भरतो.

२. चार-आईना : छाती, पाठ आणि दोन बगला यांसाठी पोलादाचे चार पत्रे, पट्ट्यांनी बांधलेले. हे बहुतेक वेळा कड्यांच्या चिलखतावरून घालत.

३. कापडाचं चिलखत : कापडाचे आणि कापसाचे थर एकत्र शिवून केलेला जाड अंगरखा. लोखंड परवडत नसे त्यांना याचा मोठा आधार असे.

एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली. लोखंडी चिलखत महाग होतं. ते सरदारांकडे असे. साधा मावळा बहुतेक वेळा अंगावरच्या कपड्यांनिशी, ढाल-तलवार घेऊन डोंगर चढत असे. म्हणजे भाड्याच्या दुकानात मिळणारा चकचकीत "मावळा ड्रेस" मावळ्याच्या अंगावर कधीच नव्हता. हे ऐकून मागच्या बाकावरचे दोघं-तिघं एकदम सरळ बसले. मी काही बोलले नाही.

"जिरेटोप" या शब्दाचीही गंमत झाली. आमच्या वर्गात मराठी बोलणारी, घरी उर्दू बोलणारी, अशी सगळी मुलं आहेत. एका मुलीने घरी आजोबांना विचारलं. त्यांनी सांगितलं, "जिरह म्हणजे कड्यांचं चिलखत." जिरह आणि टोप, झाला जिरेटोप! फारसीतून आलेला शब्द आपल्या इतिहासात किती घट्ट बसलाय, हे मला शब्दकोश न उघडता शिकवता आलं.

जमल्यास मुलांना खरं चिलखत जरूर दाखवा. आपल्या शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात जुनं चिलखत आणि शस्त्रं आहेत. सुट्टीत मुंबईला जाणार असाल तर तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात बादशहा अकबराचं १५८१ सालचं चिलखत आणि ढाल पाहता येते.

कागद कशाला? तो तर फाटतो!

हा प्रश्न मुलांनीच विचारला, आणि तोच आमचा विज्ञानाचा तास झाला. आधी एक माहिती दिली. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात, नवव्या शतकात, घड्या घातलेल्या कागदाची चिलखतं सैनिकांसाठी केल्याची नोंद आहे. मुलांना खरं वाटेना. मग तीन प्रयोग केले. तुम्हीही करा, खर्च शून्य आहे.

प्रयोग १ : वर्तमानपत्राचं पान एकदा वरून खाली आणि एकदा आडवं फाडा. एका दिशेने सरळ रेघ मारल्यासारखं फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कारण यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बरेचसे तंतू एकाच दिशेने बसतात. तंतूंच्या बाजूने फाडणं सोपं, आडवं फाडणं अवघड.

प्रयोग २ : हाच प्रयोग हातकागदावर करा. आपल्याकडे दौलताबादच्या पुढे, खुलताबादच्या रस्त्यावर कागजीपुरा आहे. १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून इथे कागद करणारे कारागीर वसले असं सांगितलं जातं. चिंध्या आणि रद्दीचा लगदा पाण्यात कालवून तो चाळणीसारख्या साच्यावर उचलतात. साचा हाताने हलतो, त्यामुळे तंतू सगळ्या दिशांना पसरतात. म्हणून हातकागद दोन्हीकडून जवळपास सारखाच फाटतो. माझ्याकडे तिथून आणलेला एक कागद होता. त्याचे चार तुकडे करून चार गटांना दिले.

दोन्ही प्रयोगांनंतर विचारलं, "मग आपण वर्तमानपत्राच्या पट्ट्या कशा चिकटवायच्या?" एका मुलाने उत्तर दिलं, "एक उभी, एक आडवी." उत्तर त्यांनीच शोधलं, म्हणून नंतर कोणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

प्रयोग ३ : वर्तमानपत्राच्या ५ सेंमी रुंद सहा पट्ट्या एकावर एक नुसत्या ठेवा. दुसऱ्या सहा पट्ट्या खळ लावून चिकटवा आणि पूर्ण वाळवा. दोन पुस्तकं १५ सेंमी अंतरावर ठेवून त्यांवर दोन्हींचा पूल करा. सुट्या पट्ट्यांचा पूल एका नाण्याने खाली गेला. चिकटवलेल्या पुलाने खोडरबर, शार्पनर आणि वर दोन नाणी पेलली.

शिक्षकांसाठी थोडी जास्त माहिती : सुटे सहा कागद वाकण्याला साधारण सहापट विरोध करतात, कारण ते एकमेकांवरून घसरतात. नीट चिकटलेले थर एकच जाड वस्तू होतात, आणि ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. दोन थर म्हणजे आठपट, सहा थर म्हणजे हिशोबाने २१६ पट. प्रत्यक्षात ओल आणि खळ यांमुळे आकडा कमी-जास्त होतो, पण फरक डोळ्यांना दिसतो.

पहिल्या वर्षी काय चुकलं?

चूक माझीच होती. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. मी एका दुपारी सगळे थर एकदम लावायला सांगितले आणि खळही भरपूर ओतली. ढाली वरून वाळल्यासारख्या दिसत होत्या, आत मात्र ओल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वर्गात आंबूस वास सुटला, दोन ढालींवर बुरशीचे काळे ठिपके आले. कार्यक्रमाच्या दिवशी मुलांनी ढाल उचलली आणि ती पापडासारखी मुडपली. मुलं हसली, मीही हसले, पण वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी २६ जानेवारी झाली की लगेच सुरुवात केली. रोज शेवटची पस्तीस मिनिटं. दोन थर लावायचे, वाळू द्यायचे, मग पुढचे दोन. या उपक्रमात घाई करून काहीच मिळत नाही. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीची कोरडी हवा असल्यामुळे दोन थर एका दिवसात वाळतात. पावसाळ्यात करणार असाल तर दुप्पट वेळ धरा.

साहित्य (एका मुलासाठी)

- जुनी वर्तमानपत्रं ४-५, शेवटच्या थरासाठी खाकी कव्हरचा कागद
- खोक्याचा पुठ्ठा : साधारण ३० × ३५ सेंमीचे दोन तुकडे
- खळ : १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी, १ चमचा मीठ
- एक फुगा, एक जुनी स्टीलची थाळी, थोडं खोबरेल तेल
- कांद्या-लसणाची जाळीदार पिशवी
- जुनी नाडी किंवा कापडी पट्टी, इलॅस्टिक
- काळा पोस्टर रंग, पेन्सिलच्या शिशाची भुकटी

खळीबद्दल सूचना : मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मग मंद आचेवर ढवळत शिजवा. पारदर्शक झाली की उतरवा. हे काम मोठ्यांनीच करायचं. खळ म्हणा नाहीतर लेई म्हणा, रोज ताजी करा. पुस्तकं बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. आपण मुलांच्या हातात देणार आहोत, मोरचूद विषारी आहे, अजिबात घालायचा नाही.

कृती

१. पट्ट्या : वर्तमानपत्राच्या २-३ सेंमी रुंद पट्ट्या हाताने फाडा. कात्री नको. फाटलेली कड पातळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कड उठून दिसते.

२. छाती आणि पाठ : पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, गळ्याला अर्धगोल द्या. मुलाच्या अंगाला लावून माप घ्या, शेजाऱ्याच्या मापावर करू नका. पट्ट्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच लावा. एकाच बाजूला लावल्या तर वाळताना पुठ्ठा त्या बाजूला ओढला जाऊन वाकडा होतो. छातीला गोलाई हवी असेल तर ओला तुकडा उपड्या बादलीवर बांधून वाळवा.

३. थर : पहिला उभा, दुसरा आडवा. वाळला की तिसरा-चौथा. मग पाचवा, आणि सहावा खाकी कागदाचा. प्रत्येक थरानंतर बोटाने हवा बाहेर काढा. खळ पट्टीला लावून जादाची दोन बोटांत निपटून काढा. खळ जास्त झाली की ताकद वाढत नाही, फक्त वाळायला उशीर होतो.

४. ढाल : थाळीच्या मागच्या बाजूला तेलाचा हात फिरवा, त्यावर सहा थर द्या. वाळल्यावर थाळी अलगद सुटते. आतून कापडी पट्टीच्या दोन मुठी लावून त्यांवर पुन्हा दोन थर.

५. शिरस्त्राण : मुलाच्या डोक्याचा घेर दोऱ्याने मोजा. फुगा त्यापेक्षा दोन-तीन सेंमी मोठा फुगवा. वरच्या अर्ध्या भागावर पाच थर द्या. फुगा उन्हात ठेवू नका, तापून फुटतो. सावलीत वाळवा, मग टाचणी लावा. हा आवाज ऐकायला सगळा वर्ग जमतो!

६. कड्या : ही युक्ती मला त्या मंडीतल्या आईमुळेच सुचली. तिच्याकडे रिकाम्या जाळीच्या पिशव्यांचा ढीग होता. जाळी शिरस्त्राणाच्या मागे आणि बाह्यांच्या जागी लावली, वरून काळा रंग दिला, की दहा फुटांवरून हुबेहूब कड्यांचं चिलखत.

७. रंग : चंदेरी रंग महाग पडतो आणि खेळण्यासारखा दिसतो. आधी काळा रंग द्या. वाळल्यावर शिशाची भुकटी कापडाने घासा. लोखंडाची खरी झाक येते. टोक काढताना निघणारी भुकटी आम्ही महिनाभर डबीत साठवली होती.

८. बांधणी : खांद्यावर आणि बगलेत पट्ट्या. गळ्याभोवती किंवा हनुवटीखाली घट्ट गाठ मारू नका, सहज सुटणारं इलॅस्टिक लावा.

एक नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला : चिलखत आणि ढाल करायची, तलवार करायची नाही. तलवार हातात आली की तिसऱ्या मिनिटाला कोणाच्या तरी डोळ्याजवळ जाते. आणि कागद शेवटी कागद आहे. मशाल, दिवे, फटाके यांपासून मुलांना लांब ठेवा.

"रद्दीचे कपडे घालून पाठवू का?"

पालकांना सांगितलं तेव्हा सगळे खूश झाले असं नाही. एक ताई शाळेत आल्या. म्हणाल्या, "मॅडम, आमची ऐपत आहे ड्रेस आणायची. माझा मुलगा रद्दीचे कपडे घालून स्टेजवर का जाईल?" त्यांचा राग मला समजला. आपल्या मुलाने चारचौघांत चांगलं दिसावं असं प्रत्येक आईला वाटतं. मंडीतल्या आईलाही तेच वाटत होतं, म्हणून तर तिने मुलांना घरी ठेवलं.

मी वाद घातला नाही. म्हटलं, "ताई, चार दिवस थांबा. नाही आवडलं तर ड्रेस आणा." आणि त्यांच्या मुलाचं अर्धवट झालेलं छातीचं पान हातात दिलं. त्यांनी ते वाकवून पाहिलं, वाकलं नाही. बोटाने वाजवून पाहिलं, टक् टक् वाजलं. "हे पेपरचं आहे?" म्हणाल्या. मुलगा शेजारीच उभा होता. त्याने आईला उभी पट्टी, आडवी पट्टी, दोन थर, वाळवण सगळं समजावलं. वर्गात उत्तर द्यायला तो उठत नाही. त्या दिवशी दहा मिनिटं बोलत होता. ताई ड्रेस आणायचं पुन्हा बोलल्या नाहीत.

१९ फेब्रुवारीला ३४ पैकी ३३ मुलं आली. एकाला खरंच ताप होता. त्याच्या आईने त्याची ढाल मोठ्या भावाच्या हाती पाठवली, "निदान ढाल तरी उभी राहू दे" म्हणून. ती आम्ही महाराजांच्या प्रतिमेजवळ ठेवली. मैदानात उभ्या असलेल्या मुलांकडे पाहून कोणाच्या घरी काय आहे हे सांगता येत नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

यातून काय साध्य झालं?

- इतिहास : चिलखताचे प्रकार, ते कोणाकडे असे, प्रतापगडाचा प्रसंग.
- भाषा : चिलखत, जिरेटोप, बख्तर, शिरस्त्राण हे शब्द मुलांच्या बोलण्यात आले.
- गणित : घेर, लांबी-रुंदी मोजणं, मैदा-पाण्याचं १ : ५ प्रमाण, दिवसांचं वेळापत्रक.
- विज्ञान : तंतूंची दिशा, थर आणि ताठपणा, बुरशी का येते.
- परिसर : कागजीपुऱ्याचा हातकागद, रद्दीचा पुनर्वापर.

मूल्यमापन करताना कोणाचं चिलखत सुंदर झालं याला गुण देऊ नका. नाहीतर ते घरी पालकच करून पाठवतात. त्याऐवजी मुलाला विचारा, "तू असं का केलंस?" जो सांगू शकला त्याला जमलं.

पालकांसाठी एक विनंती : घरी करायचं असेल तर मुलांबरोबर बसा, पण पट्ट्या त्यांनाच लावू द्या. वाकड्या लागल्या तरी चालतील, वरचा थर झाकून घेतो.

आणि आपल्या शिक्षकांसाठी, म्हणजे माझ्यासाठीसुद्धा : वेशभूषेचा मेसेज पाठवण्याआधी हजेरीपट समोर घ्या आणि एकेका नावावरून नजर फिरवा. या घरात हा मेसेज वाचला जाईल तेव्हा काय होईल? मी आता दर वेळी एवढं करते, मगच मेसेज पाठवते.

येत्या शिवजयंतीला तुमच्या वर्गात करून पाहा. काही चुकलं, काही नवीन सुचलं तर जरूर सांगा.